हॅलोविनच्या रात्री दार उघडणारी माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "१९९४ साली, सात वर्षांची असताना, मी आईबाबांबरोबर अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलंडजवळ राहायला आले. पहिल्या हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात त्या सणाला, आईला काही सुचेना, म्हणून तिनं मला पुण्याच्या शाळेतल्या गॅदरिंगचा झाशीच्या राणीचा पोशाख घातला. कुणालाच मी कोण ते कळत नव्हतं. एका दारातल्या आजी मात्र खाली वाकल्या आणि म्हणाल्या, 'मला सांग, तू कोण आहेस?' मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळी गोष्ट सांगितली आणि त्यांनी ती पूर्ण ऐकली. ती रात्र मी विसरलेले नाही. आता मी अडतीस वर्षांची आहे, कोलंबसमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, मूलबाळ नाही. गेल्या ऑक्टोबरात दीडशे डॉलरची सजावट आणली, लावली आणि सोफ्यावर बसून राहिले. काहीच वाटलं नाही. ही मजा मोठेपणी परत येते का, की मी बालिशपणा करते आहे?"

वयानं तू माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते. मी मध्य ओहायोतल्या एका वृद्धनिवासात एकवीस वर्षं रिक्रिएशन थेरपिस्ट म्हणून काम करते. तिथल्या माणसांचे हात, डोकं आणि जीभ चालती राहावी, दिवस नुसता सरू नये तर भरावा, हे बघायचं हे माझं काम. त्यात सणवारांइतकी मदत मला दुसऱ्या कशाची होत नाही. ऑक्टोबर लागला की मी दर वर्षी सगळ्यांना एकच प्रश्न विचारते: लहानपणी हॅलोविनला काय करायचात? त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी ऐंशी-नव्वदीतल्या लोकांकडून वर्षानुवर्षं ऐकत आले आहे.

आधी बालिशपणाचं सांगते. अडतिसाव्या वर्षी ज्यांनी ही हौस "आता काय, मुलांचं असतं ते" म्हणून गुंडाळून ठेवली, ती माणसं पंच्याऐंशीव्या वर्षी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना पुन्हा रमवणं फार अवघड जातं. ज्यांनी दर वर्षी काही ना काही केलं, अगदी खिडकीत एक भोपळा ठेवण्याएवढं, त्यांचा हात पटकन कामाला लागतो. हे मी एखाद्या संशोधनातून सांगत नाही, रोज समोर बघते ते सांगते. तेव्हा हौस कर, आणि मनात काही ठेवू नकोस.

आता त्या आठवणींबद्दल. मी कामाला लागले तेव्हा आमच्याकडचे बरेच रहिवासी १९२० च्या आसपास जन्मलेले, शेतावर वाढलेले होते. त्यांच्या हॅलोविनमध्ये गोळ्या-चॉकलेटं जवळजवळ नव्हतीच. होती ती खोडी. खिडक्यांच्या काचांना साबण फासायचा, परसातला लाकडी संडास आडवा करायचा, कुणाची तरी गाडी सुटी करून कोठाराच्या छपरावर नेऊन पुन्हा जोडायची. आपल्याकडे होळीसाठी लाकडं पळवणारी पोरं आठवावीत, तसाच प्रकार. खायला सफरचंदं, घरचे डोनट आणि काकवीच्या पाकात वळलेले पॉपकॉर्नचे लाडू. १९३० च्या दशकात शहरांमधून या खोड्यांची नासधूस होऊ लागली, तेव्हा मोठ्यांनी मुलांना मिरवणुका, पार्ट्या आणि दारोदार खाऊ मागण्याकडे वळवलं. मग युद्ध आलं. १९४२ ते १९४७ साखरेचं रेशनिंग होतं, त्या वर्षांतल्या मुलांना खाऊ आठवतच नाही. आताचे आमचे रहिवासी १९४० च्या दशकात जन्मलेले. ते सांगतात खोक्यात मिळणाऱ्या तयार पोशाखाबद्दल: पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा, स्टेपल केलेला रबरी दोरा, आतून श्वासानं ओला झालेला. कुणी १९५० पासून सुरू झालेल्या युनिसेफच्या डब्याची गोष्ट सांगतं, ज्यात खाऊबरोबर जगातल्या मुलांसाठी सुटे पैसे मागायचे.

पिढी बदलते तसा आठवणींतला माल बदलतो, पण काही गोष्टी सगळ्यांच्याच तोंडी येतात. आईनं पोशाखावर चढवलेला कोट, म्हणजे सगळं सोंग झाकलंच. बरोबर कोण चाललं होतं. अंधार. आणि दारं! कुणाचं दार उघडायचं, कुणाचं नाही, कुठल्या बाई आत बोलावून कोको द्यायच्या, कोण माणूस दारामागे लपून घाबरवायचा. गोळ्या किती मिळाल्या, हे इतक्या वर्षांत मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांनी सांगितलं असेल. दारं मात्र प्रत्येकाला पाठ असतात, घराच्या रंगासकट.

तुझंही तेच झालं आहे. तू मला पोशाख सांगितलास, पण तुझ्या आठवणीच्या मध्यावर आहेत त्या खाली वाकलेल्या आजी. परक्या देशात पहिल्यांदा कुणीतरी दार उघडून तुला "तू कोण आहेस" असं विचारलं आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत उभं राहिलं. आईलाही ते ओळखीचं वाटलं असणार, कारण आपल्याकडे संक्रांतीला मुलं हलव्याचा डबा घेऊन दारोदार जातातच की. भोंडल्यात तर प्रत्येक घरची खिरापत ओळखायची असते, तोवर यजमानीण डब्याचं झाकण उघडत नाही. दार, दारातलं माणूस आणि दोन वाक्यांची देवघेव, एवढ्यावरच हे खेळ उभे असतात.

सजावट लावून काही वाटलं नाही याचं कारण मला इथे दिसतं. मी स्वतः ही चूक केली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मोठी पार्टी ठेवली. सगळं तयार आणलं: जाळी, सांगाडे, संगीत, धूर सोडणारं यंत्र. धुरानं अलार्म वाजला ते एक झालंच, पण खरा त्रास वेगळा होता. माणसं खुर्च्यांत पाहुण्यांसारखी बसली. साडेसहाला निम्म्यांनी विचारलं, आम्ही खोलीत जाऊ का? पुढच्या वर्षी मी एकही तयार वस्तू आणली नाही. बारा भोपळे, चमचे, वर्तमानपत्रं, गोळ्यांची पोती आणि कागदी पिशव्या आणल्या आणि म्हटलं, मला मदत हवी आहे, परवा पाळणाघरातली चाळीस मुलं येणार आहेत. दोन दिवस हॉल नुसता गजबजला होता. सण नुसता बघायला बसवलं की माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो. तुझं गेल्या वर्षी तेच झालं. लहानपणी तुझ्याकडे काम होतं: चालायचं, मागायचं, सांगायचं. आता तुला काम उरलं नव्हतं, म्हणून सोफा.

ती मुलं आली त्या दिवशीचं एक सांगते. प्रत्येक रहिवासी आपापल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून, मांडीवर वाडगा घेऊन बसला होता. एक आजोबा शेतकरी होते, पार्किन्सन्समुळे दोन्ही हात थरथरायचे, कित्येक आठवडे ते कुठल्याच कार्यक्रमाला आले नव्हते. मी फक्त वाडगा त्यांच्या मांडीवर ठेवला. पहिली एक-दोन मुलं त्यांच्या हातून गोळी सुटेना म्हणून गोंधळली. मग मधमाशी झालेली एक चार वर्षांची मुलगी आली. तिनं आपला तळहात त्यांच्या हाताखाली सपाट धरला आणि तसाच वर टेकवला. हात टेकल्यावर थरथर कमी झाली, बोटं उघडली, गोळी पडली. त्यांनी विचारलं, "या मधमाशीचं पोळं कुठं आहे?" तिनं पार्किंगमधल्या पिवळ्या बसकडे बोट दाखवलं. तिच्या मागच्या रांगेतली मुलं मुकाट थांबली होती. शेवटचं मूल गेल्यावर आजोबांनी वाडग्यात उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि मला म्हणाले, पुढच्या वर्षी थोड्या मोठ्या कागदातल्या आण, धरायला बऱ्या पडतात. ते त्यानंतर आणखी दोन वर्षं दारात बसले.

म्हणून माझा सल्ला असा: या वर्षी सजावटीवर एक पैसा घालू नकोस. दार शोध.

तिसऱ्या मजल्यावर मुलं येणार नाहीत, हे धरूनच चाल. ऑफिसमध्ये, योगवर्गात, मराठी मंडळात विचार की कुणाच्या घराला पोर्च आहे आणि त्या संध्याकाळी दारात बसायला कुणी हवं आहे का. लहान मुलं असलेल्या घरांत हा प्रश्न विचारलास तर लोक तुझे उपकार मानतील, कारण आईबाप मुलांबरोबर बाहेर असतात आणि घरी दार उघडायला कुणी नसतं. कोलंबसच्या बाजूला या संध्याकाळीला बेगर्स नाइट म्हणायची जुनी पद्धत आहे आणि प्रत्येक गाव आपली तारीख-वेळ जाहीर करतं, बहुधा संध्याकाळी ६ ते ८. तारीख ३१ असेलच असं धरू नकोस, त्या गावाच्या संकेतस्थळावर बघ. दुसरा मार्ग ट्रंक-ऑर-ट्रीट. चर्च किंवा शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून, सजवून मुलांना खाऊ देतात. तिथे गाडी घेऊन येणारी माणसं कायम कमी पडतात. तुझी डिकी म्हणजे तुझं दार.

दारात बसायचंही एक तंत्र आहे. घरात बसून बेलची वाट बघू नकोस, खुर्ची बाहेर पोर्चवर टाक. पोर्चचा दिवा लावलेला असला तर या, बंद असला तर पुढे जा, हा नियम इथलं प्रत्येक मूल जाणतं. मूल आलं की खाली बस, उंची बरोबरीची होऊ दे. "अरे वा, स्पायडरमॅन!" असं आपण ओळखू नये, विचारावं, "तू कोण आहेस?" तू हे सात वर्षांची असतानाच शिकली आहेस. काही मुलं बोलत नाहीत, काहींना "ट्रिक ऑर ट्रीट" (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) म्हणता येत नाही, काहींना पोशाख टोचतो म्हणून ती साध्या कपड्यांत येतात. त्यांनाही तेवढंच द्यायचं, शब्दाची सक्ती नाही. मिसरूड फुटलेली पोरं आली तरी द्यायचं. चौदाव्या वर्षी ज्याला दारातून हाकलतात तो पंधराव्या वर्षी सोंग घेत नाही, आणि मग अडतिसाव्या वर्षी तुझ्यासारखा प्रश्न विचारतो. आयोवातल्या डि मॉइनमध्ये तर खाऊ मिळण्याआधी मुलानं एक विनोद सांगायचा रिवाज आहे. मला तो फार आवडतो, कारण त्यात दोन्ही बाजूंना क्षणभर थांबावं लागतं.

एक वेगळा वाडगा ठेव, त्यात पेन्सिली, स्टिकर, चमकणाऱ्या बांगड्या. शेंगदाणे किंवा दूध चालत नसलेली मुलं बरीच असतात. २०१४ पासून देशभर टील पम्पकिनची पद्धत पसरली आहे: निळसर हिरवा रंगवलेला भोपळा दारात दिसला की तिथे खाण्याखेरीजचं काही मिळतं हे आईबापांना कळतं. भोपळा रंगवायला वीस मिनिटं लागतात.

तू लिहिलं आहेस की हल्लीच्या हॅलोविनमध्ये "तो अंधारच नाही", आणि हा आपला भ्रम असावा असंही म्हटलं आहेस. तो भ्रम नाही. तुझ्या लहानपणी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जायची, म्हणजे ३१ तारखेपर्यंत ती मागे गेलेलीच असायची. क्लीव्हलंडला ५ वाजून २० मिनिटांच्या सुमारास सूर्य मावळायचा आणि तू ६ ला बाहेर पडायचीस ती मिट्ट काळोखात. २००७ पासून घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. आता त्याच दिवशी सूर्यास्त ६ वाजून २० मिनिटांच्या आसपास होतो आणि छोटी मुलं उजेडातच फिरून घरी जातात. तो अंधार हवा असेल तर शेवटचा अर्धा तास धर. खरी सोंगं तेव्हाच दिसतात.

खाऊत कुणी विष घालेल या भीतीबद्दलही विचारलं होतंस, कारण तुझी आई प्रत्येक गोळी दिव्याखाली तपासायची. तो काळच तसा होता. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एका मुलाचा विषारी खाऊनं जीव गेला, पण ते विष त्याच्या बापानंच घातलं होतं. १९८२ च्या शरदात शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये विष मिसळल्यानं सात माणसं गेली आणि त्या वर्षीच्या हॅलोविनवर सावट पडलं. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या एकेक करून तपासल्या. अनोळखी माणसानं येणाऱ्याजाणाऱ्या मुलांना वाटलेल्या खाऊनं मूल दगावल्याचा एकही सिद्ध प्रसंग त्यांना मिळाला नाही. आईला हे सांग. आणि खरा धोका गाडीचा असतो, म्हणून त्या संध्याकाळी गल्लीत गाडी चालवायची वेळ आली तर पायी चालण्याच्या वेगानं चालव.

आता भोपळा. दार एका संध्याकाळचं असतं, महिना भरून काढतो तो भोपळा. मुळात आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम कोरायचे. तिथली माणसं इथे आली तेव्हा त्यांना हा मोठा, मऊ, पोकळ भोपळा मिळाला आणि सलगम मागे पडला. कोलंबसहून दक्षिणेला पाऊण तासाच्या आत सर्कलव्हिल आहे. तिथे १९०३ पासून पम्पकिन शो भरतो, ऑक्टोबरच्या तिसऱ्या बुधवारपासून चार दिवस. एक संध्याकाळ काढ, एकटी गेलीस तरी चालेल. भोपळ्याचे डोनट खा, राक्षसी भोपळे बघ, आणि परत येताना रस्त्यालगतच्या शेतावरून दोन भोपळे घे, एक कोरायला आणि एक खायला. कोरायचा भोपळा खाऊ नये, त्याचा गर पाणचट आणि दोऱ्या-दोऱ्यांचा असतो. खायला पाय पम्पकिन म्हणून मिळतो तो छोटा, गोडसर. त्याचे घारगे उत्तम होतात. बटरनट स्क्वॉशचेही होतात, पण रंग जरा फिका येतो.

कोरायचा भोपळा निवडताना देठ हिरवा आणि घट्ट हवा, बूड सपाट हवं. देठाला धरून उचलायचा नाही, देठ तुटला की तिथूनच सडतो. झाकण कापताना सुरी तिरपी, आतल्या बाजूला झुकलेली धर. सरळ कापलंस तर झाकण आत पडतं. मग बाही वर करून हात घाल. ओल्या मातीचा, काकडीच्या आणि कलिंगडाच्या मधला तो वास आणि बोटांना गुंडाळणारा गार चोथा, यानं माझ्याकडे बोलणं सोडलेली माणसं बोलायला लागलेली आहेत. जो चेहरा कोरायचा ती बाजू चमच्यानं खरवडून इंचभर जाडीची कर, म्हणजे सुरी सहज फिरते आणि उजेड नारिंगी झिरपतो. कापलेल्या कडांना थोडं व्हॅसलिन लाव. कोरलेला भोपळा चार-पाच दिवस टिकतो, गरम घरात त्याहून कमी, म्हणून २८-२९ तारखेच्या आधी सुरी लावू नकोस. बाल्कनीत ठेव आणि आत बॅटरीचा दिवा ठेव. घरात उघडी ज्योत नको, विशेषतः तू झोपून जात असशील तर.

बिया टाकू नकोस. धुऊन मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळ, फडक्यावर कोरड्या कर, तेलाचं बोट लाव आणि १७५ अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटं भाज, मधे एकदा हलव. मी अर्ध्यांना तिखट-हिंग लावते, आमच्या रहिवाशांना दालचिनी-साखर आवडते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला डबाभर ने. ऑफिसातल्या पोशाखांच्या स्पर्धेबद्दल तू विचारलंस, तर मन नसेल तर जाऊ नकोस. बियांचा डबा टेबलावर ठेवलास तरी लोक थांबतात, आणि आपापल्या लहानपणचं सांगायला लागतात. एवढंच लक्षात ठेव की कुणाच्या जातीधर्माचं किंवा देशाचं सोंग करू नये. झाशीची राणी तुझी आहे, तू खुशाल हो.

आणि दिवाळी? बरेचदा दोन्ही सण एकाच आठवड्यात येतात. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. मी त्या वर्षी पहाटे अभ्यंगस्नान केलं, दिवसभर कामावर पिशव्या भरल्या, आणि संध्याकाळी पोर्चवर आकाशकंदिलाखाली वाडगा घेऊन बसले. कित्येक मुलांनी विचारलं, ते वर काय आहे? मी सांगितलं. एकानं विचारलं, त्यात मेणबत्ती आहे का, आणि मग बराच वेळ कंदिलाच्या झिरमिळ्या मोजत उभा राहिला.

बसायला घर मिळालं की वेळेच्या आधी अर्धा तास जा. शेजाऱ्यांना विचार, गेल्या वर्षी किती मुलं आली होती, आणि त्याहून पंचवीस-तीस जास्त धरून खाऊ ने. पहिल्या तासात प्रत्येकाला एकच दे, सात वाजता राहिलेलं मोज, मग सढळ हो. आमच्या गावात आठ वाजता अग्निशमन केंद्राचा सायरन वाजतो, तेव्हाच दिवा घालवायचा, आधी नाही. आठला दोन मिनिटं कमी असताना कुणीतरी धावत येतंच, बहुधा धाकटं भावंड, मुखवटा डोक्यावर सरकलेला, आणि त्याला लांबून दिसत असतो तो फक्त पोर्चचा दिवा.